पाच जण काय म्हणाले

"तुम्ही मला तेव्हाच का सांगितलं नाहीत?"

चंद्रहास मगदूम अजून अंगणातच उभे होते. गाडीची किल्ली हातात तशीच होती. पायांत बूट होते.

उत्तूरकर सर ओसरीवर खुर्चीत बसून सुपातल्या काजूच्या बिया निवडत होते. त्यांनी मान वर केली. समोर कोण आहे हे ओळखायला त्यांना थोडा वेळ लागला.

आठ वर्षं झाली होती.

"या," सर म्हणाले. "बसा."

"बसायला नाही आलो, सर. विचारायला आलोय."

"मग बसून विचारा. मला मान वर करून फार वेळ बोलता येत नाही आता."

मगदूमांनी बूट काढले. ओसरीवर दुसरी खुर्ची होती, तिच्यावर बसले. किल्ली मात्र खिशात टाकली नाही.

सरांनी सूप खाली ठेवलं.

...

पद्माकर उत्तूरकरांचं घर आजऱ्याच्या पुढे, आंबोलीच्या रस्त्यावरून थोडं आत होतं. कौलारू, तीन खोल्यांचं. मागे काजूची झाडं.

त्यांनी तीस वर्षं निरनिराळ्या कारखान्यांत नोकरी केली. माणसं घेणं, माणसं समजावणं, कधी माणसं काढणं, हेच त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर त्यांनी एकच गोष्ट चालू ठेवली. कंपन्या चालवणारी माणसं त्यांच्याकडे येत. पंधरा दिवसांतून एकदा, दोन तास. फोन गाडीत ठेवून.

लोक त्याला कोचिंग म्हणत. सर त्याला काहीच म्हणत नसत.

ते सल्ला देत नसत. प्रश्न विचारत. उत्तर येईपर्यंत गप्प बसत.

ते गप्प बसणं काहींना सोसत नसे. ज्यांना सोसलं, ते वर्षानुवर्षं येत राहिले.

मगदूम तीनदाच आले होते.

...

तेव्हा ते पंचेचाळीस वर्षांचे होते. कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचा ओतकामाचा कारखाना होता. वडिलांनी एका भट्टीवर सुरू केलेला. मगदूमांनी त्याच्या चार भट्ट्या केल्या, साडेतीनशे माणसं कामाला लावली. ट्रॅक्टरचे लोखंडी भाग ते बनवत.

एका मोठ्या गिऱ्हाईक कंपनीच्या साहेबानं त्यांना सुचवलं होतं, इतका व्याप वाढलाय तर कुणाकडे तरी जाऊन बोलत जा. मगदूमांना ते पटलं नव्हतं. पण गिऱ्हाईक मोठं होतं.

पहिल्या दिवशी सरांनी विचारलं, "लहानपणी काय खेळायचा?"

"फुटबॉल. कोल्हापूरचा आहे मी, सर. दुसरं काय खेळणार?"

"कोच होते?"

"होते की. लाइनीच्या बाहेरनं सतत ओरडायचे."

"काय ओरडायचे?"

मगदूम हसले. "एकच. 'मागं बघ.'"

"बघायचा?"

"बघायला लागायचं. नाही बघितलं की पायातला बॉल जायचा."

सर गप्प बसले.

थोड्या वेळानं मगदूम म्हणाले, "कळलं तुम्हाला काय म्हणायचंय ते. पण तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. आता मालक आहे."

...

दुसऱ्या खेपेला मगदूम दोन तास एकटेच बोलले. नव्या स्वयंचलित लाइनीबद्दल, नव्या जागेबद्दल, पाच वर्षांनी कारखाना कुठं असेल त्याबद्दल. चांगलं बोलत. ऐकणाऱ्याला भट्टीची धग लागावी असं.

शेवटी सर म्हणाले, "तुमच्या रोजच्या कामातल्या पाच माणसांशी मला बोलायचं आहे. एकेकाशी, एकट्यानं. तुमच्याबद्दल."

"बोला की. कुणालाही बोलवा. माझी माणसं आहेत."

"ते जे सांगतील ते मी तुम्हाला सांगेन. पण कोण काय म्हणालं हे सांगणार नाही. तसा शब्द मी त्यांना देणार आहे."

"हरकत नाही," मगदूम म्हणाले. त्यांनी तिथंच पाच नावं लिहून दिली. पहिलं नाव दिनकर ऐनापुऱ्यांचं होतं.

ऐनापुरे उत्पादनाचे प्रमुख होते. भट्टीवरचे साधे कामगार म्हणून लागलेले. मगदूमांच्या वडिलांनी त्यांना हाताशी धरून शिकवलं होतं. लोखंड ओतताना नुसत्या रंगावरून ते सांगत, आज काहीतरी कमी आहे. नंतर प्रयोगशाळेतून कागद यायचा, त्यातही तेच असायचं.

पाचही जण वेगवेगळ्या दिवशी आजऱ्याला येऊन गेले.

...

तिसऱ्या खेपेला सर म्हणाले, "आज मी तुम्हाला पाच जणांचं सांगतो."

मगदूम खुर्चीत पुढे सरकले. "ऐनापुरे काय म्हणाले?"

"नावं नाहीत."

"ते माहीत आहे. पण तरी. वाईट कोण बोललं तेवढं सांगा."

सर गप्प.

"म्हणजे बोललंय कुणीतरी."

"चंद्रहासराव, मी सांगायला तयार आहे. तुम्ही ऐकायला तयार आहात का?"

मगदूम उठले. ओसरीवर दोन फेऱ्या मारल्या. त्यांचा आवाज चढला नाही. ते अगदी समजुतीनं म्हणाले, "सर, तुमच्याबद्दल आदर आहे. पण हे मला जमायचं नाही. ही माणसं रोज माझ्यासमोर असतात. त्यांच्या घरची लग्नं मी केलीत, त्यांच्या आजारपणात मी धावलोय. त्यांच्या मनातलं मला बाहेरच्या माणसानं सांगावं? माझ्या माणसांचं मला कळतं."

सरांच्या मांडीवर एक वही होती. ती त्यांनी मिटली.

"ठीक आहे," ते म्हणाले. "सावकाश जा. वाटेत धुकं असेल."

त्यानंतर दोघांची भेट झाली नव्हती.

...

आता मगदूमांचे केस पांढरे झाले होते. त्यांनी पुन्हा विचारलं.

"तुम्हाला माहीत होतं. ऐनापुऱ्यांनी तुम्हाला सांगितलं होतं. मग मला का नाही सांगितलं?"

"काय झालं?" सरांनी विचारलं.

"पेपरात वाचलं नाही?"

"तुमच्याकडून ऐकतो."

मगदूम बोलू लागले. आठ वर्षांपूर्वीसारखं नाही. थांबत थांबत, मधले शब्द गाळत.

ट्रॅक्टरच्या ब्रेकभोवती एक लोखंडी भाग बसतो. कारखान्यात त्याला हाउसिंग म्हणत. गेल्या वर्षी एका ट्रॅक्टर कंपनीची मोठी मागणी आली. मुदत थोडी होती. पहिल्या खेपेतल्या काही नगांना केसाएवढी चीर होती. वरून दिसत नव्हती. तपासणीतून तो माल पुढं गेला.

"पण ऐनापुऱ्यांना दिसली होती," मगदूम म्हणाले.

"कशावरून?"

"त्यांनीच सांगितलं. नंतर. चौकशीत." मगदूमांनी किल्ली या हातातून त्या हातात घेतली. "माल भरायच्या दिवशी मी स्वतः खाली गेलो होतो. गाडी लागली होती. मी विचारलं, 'ऐनापुरे, जाऊ दे ना?' ते म्हणाले, 'हो साहेब.'"

...

"मग?"

"मग गेला माल."

दोन महिन्यांनी ऊस भरलेल्या ट्रॉलीसकट एक ट्रॅक्टर उतारावरून सुटला. ब्रेक लागलाच नाही. चालवणाऱ्या माणसाचा उजवा पाय मांडीपासून काढावा लागला. गुंडाप्पा त्याचं नाव. एकोणतीस वर्षांचा. मगदूम त्याला दवाखान्यात भेटायला गेले तेव्हा त्यानं यांना डॉक्टर समजून नमस्कार केला होता.

ट्रॅक्टर कंपनीनं सगळा माल परत बोलावला. बाकीच्या गिऱ्हाइकांनीही हात आखडता घेतला. दोन भट्ट्या बंद झाल्या. एकशे सत्तर माणसं घरी बसली.

"चौकशीत ऐनापुरे उभे राहिले आणि म्हणाले, मला माहीत होतं, दोष माझा. सही करून दिली. राजीनामा दिला. मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, अहो, माहीत होतं तर बोलला का नाहीत?"

"काय म्हणाले?"

"म्हणाले, 'तुम्ही विचारलं, मी हो म्हटलं.'"

मागच्या झाडांवरून वारा आला. सुपातला पाचोळा थोडा हलला.

"राग नव्हता हो त्यांच्या बोलण्यात. तेच मला कळत नाही. वीस-बावीस वर्षं माझ्याबरोबर काढली त्या माणसानं. लोखंडाच्या रंगावरून सगळं ओळखणारा माणूस. माझ्या बापानं घडवलेला. आणि तो मला एक शब्द बोलला नाही."

...

"त्यांच्या घरी गेला होतात?" सरांनी विचारलं.

"काल. मुरगूडला."

"हं."

"मला बघून गडबडले. टॉवेलनं खुर्ची पुसली. मला बसवलं. स्वतः उंबऱ्याजवळ खाली बसले. मी म्हटलं, वर बसा की. बसले नाहीत. त्यांच्या बायकोनं चहा आणून ठेवला आणि आत गेली. ती काही बोलली नाही."

"आणि ते?"

"मी तासभर बसलो. मी म्हटलं, ऐनापुरे, मनात काय आहे ते बोला. शिव्या द्या. मी ऐकायला आलोय. तर म्हणाले, 'काही नाही साहेब. सगळं ठीक आहे.' जे विचारलं त्याला तेच. सगळं ठीक आहे. मुलीचं कसं चाललंय? ठीक आहे. तब्येत? ठीक आहे. माझं काय चुकलं? काही नाही साहेब."

मगदूमांनी एक श्वास घेतला.

"निघताना गाडीचं दार त्यांनी उघडून धरलं. मी वळणावर येईपर्यंत उभे होते. तिथं मला तुमची आठवण झाली. म्हटलं, या माणसानं एकदा तोंड उघडलं होतं. माझ्याबद्दल. आजऱ्याला. आणि मी ते ऐकायचं नाही म्हणून उठून आलो होतो."

मगदूम खुर्चीत पुढे झाले.

"म्हणून आलोय, सर. आता सांगा. ते काय म्हणाले होते?"

"नाही सांगता येणार."

"का?"

"शब्द दिला होता."

"आठ वर्षांपूर्वी. आता ते माझ्या नोकरीतही नाहीत."

"मी शब्द माणसाला दिला होता. नोकरीला नाही."

"वही तरी असेल तुमच्याकडे."

"काम थांबलं की मी वही जाळतो. तुमची त्याच आठवड्यात जाळली."

"म्हणजे तुम्हालाही आठवत नाही."

"आठवतं," सर म्हणाले. "शब्द न् शब्द आठवतो."

...

मगदूम हळू आवाजात म्हणाले, "माझ्याकडे फोन होता. तुमच्याकडे माझा नंबर होता. तुम्हाला माहीत होतं माझ्या कारखान्यात काय साठत चाललंय. नावं न घेता सांगता आलं असतं. एक ओळ लिहायची होती."

"हो. नंबर होता."

"मग?"

सरांचा हात गुडघ्यावर होता. तो त्यांनी उगाच चोळला.

"मी मूर्ख होतो, हे मान्य आहे," मगदूम म्हणाले. "सल्ला न देणारा माणूस काय कामाचा, असं मी चार लोकांत म्हणायचो. हसायचो. मला वाटायचं माझ्याभोवती इतकी माणसं आहेत, आणखी एक कशाला. आता कळतं, ती सगळी माझ्या पगारावरची होती. जो नव्हता त्याच्याकडून मी उठून गेलो."

सर ऐकत होते.

"पण तुम्ही तर या कामातले होतात."

...

ऊन ओसरीच्या कडेपर्यंत आलं होतं. सर उठले, आत गेले, तांब्या-भांडं घेऊन आले. मगदूम पाणी प्यायले. भांडं कुठं ठेवावं म्हणून त्यांनी इकडे तिकडे पाहिलं.

"ऐनापुरे कुठं बसले होते?" त्यांनी अचानक विचारलं. "तेवढं सांगायला तर हरकत नाही?"

"तुम्ही बसलाय ती खुर्ची मी दिली होती."

"बसले?"

सरांनी नाही अशी मान हलवली. मग हात लांब करून ओसरीची पायरी दाखवली.

मगदूम त्या पायरीकडे बघत राहिले. दगडी पायरी. एका कोपऱ्यात टवका उडालेली.

त्यांनी भांडं खाली ठेवलं. उठले. पायरीवर जाऊन बसले. त्यांच्या पांढऱ्या पॅन्टला माती लागली.

तिथून सरांचे पाय दिसत होते. चेहरा बघायचा तर मान मागे टाकावी लागत होती. ओसरीवर सावली होती, त्यामुळे तोंडावरचे भाव कळत नव्हते.

"साहेब..." मगदूम म्हणाले, आणि थांबले. आपण कुणाला साहेब म्हणतोय हे त्यांचं त्यांनाच चमत्कारिक वाटलं असावं.

सर खुर्चीत तसेच बसून होते.

"साहेब, कामाचा ताण फार आहे. माणसं कमी पडतात." मगदूमांनी वर पाहिलं. "असंच म्हणाले असतील. सगळे असंच म्हणतात."

सर गप्प.

"पगाराचं म्हणाले असतील."

सर गप्प.

एक एसटी रस्त्यावरून गेली. तिचा आवाज घाटाकडे जाईपर्यंत ऐकू येत होता.

मग ते ऐनापुरे होऊन बोलले. आवाज खाली गेला होता. बोलणंही बदललं होतं. ते घरात, वडिलांशी बोलताना बोलत तसलं.

"साहेब, खंडेनवमीचं तुम्हाला ध्यानात हाय काय?"

...

"भट्टीची पूजा झाली हुती. सगळ्यांच्या घरची मानसं आल्याली. तुम्ही माइकवरनं सांगितलंसा, नवी लाइन दिवाळीला चालू करायची. मी तुमच्या शेजारी हुतो. मी हळूच म्हटलं, साहेब, दोन म्हैने द्या, पोरं अजून शिकल्याली न्हाईत. कानात म्हटलं हुतं. तुम्ही माइक तसाच तोंडापुढं धरला हुता."

मगदूमांनी ओठ मिटले. पुन्हा उघडले.

"तुम्ही म्हणालासा, ऐनापुऱ्यांना भ्या वाटतंय. त्यांस्नी बायकांच्यात नेऊन बसवा."

...

"सगळी हसली. साडेतीनशे मानसं आणि त्यांच्या बायका-पोरं. मी बी हसलो. काय करनार? माझी बायको खाली बघून पदराशी चाळा करत बसली. आणि माझी थोरली पोरगी, धाव्वीला हुती, ती बी हसली. सगळी हसत्यात म्हणून. मग तिनं माझ्याकडं बघितलं."

मगदूमांनी पायरीच्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं.

मग ते म्हणाले, "त्या दिवसापासनं मी तुम्हाला न्हाई म्हटलं न्हाई, साहेब. आणि तुमच्या ध्यानात बी आलं न्हाई. तुम्ही उलट चार लोकांत सांगायचा, ऐनापुरे आता सुधारले. पहिल्यासारखं आडवं लावत न्हाईत."

एवढं बोलून ते थांबले. मान खाली गेली. दोन्ही हात गुडघ्यांमध्ये.

...

"मला वाटत होतं मी विसरलोय," मगदूम स्वतःच्या आवाजात म्हणाले. "विसरलो नव्हतो. त्या पोरीचं तोंड मी स्टेजवरनं बघितलं होतं. हसता हसता थांबली ती. मी तेव्हाच मान वळवली आणि सत्काराला पुढच्या माणसाचं नाव पुकारलं."

"हं."

"तिचं आता लग्न झालंय. मी गेलो होतो लग्नाला. तिनं नमस्कार केला. मी आशीर्वाद दिला. मला वाटलं, बघा, किती जीव आहे या लोकांचा आपल्यावर."

ते हसले. ते हसणं ऐकून सरांनी डोळे मिटून घेतले.

"हे सगळं मला माहीत होतं, सर. तुम्ही सांगायची गरजच नव्हती."

"नव्हती."

"मग मी तीनदा आलो, तेव्हा तुम्ही काय करणार होता?"

"तुम्ही आता बसलाय तिथं तुम्हाला बसायला लावणार होतो. किती महिने लागतील ते माहीत नव्हतं."

मगदूमांनी पायरीच्या दगडावर हात ठेवला. दगड तापला होता. हात काढला नाही.

"असंच म्हणाले होते का ते? एवढं तरी सांगा. हो की नाही."

सर खुर्चीत पुढे वाकले.

"तुम्ही आता जे बोललात, त्यातली एक गोष्ट मला माहीत नव्हती," ते म्हणाले.

"कुठली?"

सर गप्प राहिले. मगदूमांनी पुन्हा विचारलं नाही. पोरीची गोष्ट, हे त्यांना कळलं असावं. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि तोंडावर धरला. थोडा वेळ तसाच धरून ठेवला.

...

ऊन पायरीवरून पुढे सरकलं तेव्हा मगदूम उठले. पॅन्टची माती झटकली नाही.

"गुंडाप्पाचा पाय काही परत येणार नाही," ते म्हणाले.

"नाही."

"एकशे सत्तरांतले साठेक घेता आले परत. बाकीचे कुठं कुठं लागलेत. काही बसूनच आहेत."

सर ऐकत राहिले.

"तुम्ही पुन्हा सुरू कराल, सर? माझ्याबरोबर? मी फोन गाडीत ठेवीन. तुम्ही म्हणाल तिथं बसेन."

"मी एकोणऐंशीचा आहे, चंद्रहासराव. गेल्या वर्षापासून डाव्या कानानं ऐकू येत नाही. ज्याला ऐकू येत नाही त्यानं हे काम करू नये."

मगदूमांनी मान हलवली. त्यांनी हे उत्तर धरलंच असावं.

"माझ्यानंतरची चांगली माणसं आहेत या कामात," सर म्हणाले. "एक बाई आहेत सांगलीला. नाव देतो. माझ्यापेक्षा कडक आहेत."

त्यांनी आतून कागद आणला आणि नाव लिहून दिलं. अक्षर थरथरलेलं होतं. मगदूमांनी कागदाची घडी घातली, वरच्या खिशात ठेवली.

बूट घालताना ते खाली वाकले होते. वाकलेल्या स्थितीतच म्हणाले, "त्यांच्याकडे जाईन. पण आधी मुरगूडला जातो."

"जा."

"काय विचारू या खेपेला?"

"काही विचारू नका. खंडेनवमीचं तुम्हीच बोला."

"बायकोसमोर?"

"ती तिथं होती ना त्या दिवशी?"

मगदूम बराच वेळ बुटाची नाडी बांधत राहिले.

"आणि ते पुन्हा म्हणाले, काही नाही साहेब, सगळं ठीक आहे. तर?"

"म्हणतील."

"मग?"

"मग पुन्हा जा."

"पुन्हा तेच म्हणाले तर?"

"पुन्हा जा."

मगदूम उभे राहिले. ओसरीवरच्या म्हाताऱ्या माणसाकडे त्यांनी पाहिलं. सरांनी सूप मांडीवर घेतलं होतं, पण बिया निवडत नव्हते.

"असं किती वेळा जायचं, सर? माणूस दारात उभं करीनासा होईपर्यंत?"

मगदूम वाट बघत थांबले. या खेपेला ते निघून गेले नाहीत.

"ते मला सांगता येणार नाही," शेवटी सर म्हणाले. "तुम्ही उठून गेल्यावर मी तुमच्या दारात एकदाही आलो नाही."